बिनतारी कॅमेऱ्याची तार

‘बिनतारी’ हा शब्द मराठीत नकारातून घडला. आधी तारायंत्र आले, तारेने संदेश जाऊ लागला, आणि पुढे तारेवाचून संदेश जाऊ लागल्यावर त्या नव्या सोयीला जे नाव पडले त्यात तिच्याजवळ काय आहे यापेक्षा काय नाही एवढेच सांगितले गेले. १९२७ च्या जुलैत खडकीचे प्रक्षेपण केंद्र आणि दौंडचे ग्रहण केंद्र यांच्या आधाराने हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यातील बिनतारी संदेशसेवा सुरू झाली, तेव्हा समुद्रापलीकडचा प्रवास हवेतून होत असला तरी मुंबईची कचेरी आणि ही केंद्रे यांच्यामधला प्रवास तारेवरूनच होत असे, आणि केंद्रातील यंत्रे चालवण्यासाठी लागणारी वीज ही आणखी निराळी बाब होती. तार नाहीशी झालेली नव्हती. ती मधल्या टप्प्यातून काढून दोन्ही टोकांना ढकललेली होती. आज घराच्या कोपऱ्यावर, गोठ्याच्या आढ्याला किंवा विहिरीजवळच्या खांबावर बसवला जाणारा ‘वायफाय कॅमेरा’, ‘सिमवाला कॅमेरा’ किंवा ‘सोलर कॅमेरा’ याच जातीचा आहे, आणि त्याच्याविषयी विचारले जाणारे बहुतेक प्रश्न, म्हणजे चित्र का अडकते, रात्री कॅमेरा का बंद पडतो, बॅटरी सांगितली तितकी का टिकत नाही, हे सगळे त्या दडलेल्या तारेचे प्रश्न आहेत.

कॅमेऱ्याला मुळात दोन तारा लागतात. एक चित्र बाहेर नेते, दुसरी वीज आत आणते. जुन्या पद्धतीच्या सीसीटीव्ही संचात या दोन्ही तारा उघड दिसत, कारण प्रत्येक कॅमेऱ्यापासून मुद्रणपेटीपर्यंत, म्हणजे दुकानदार ज्याला डीव्हीआर म्हणतात त्या यंत्रापर्यंत, जाड केबल ओढलेली असे आणि वीजही तिच्याच सोबतीने येई. बिनतारी कॅमेऱ्यात पहिली तार रेडिओलहरींनी बदलली. दुसरी बहुतेक ठिकाणी तशीच राहिली, आणि जिथे ती काढली गेली तिथे तिच्या जागी बॅटरी व सौरपट्टी आली. हे वरवर दोन स्वतंत्र प्रश्न दिसतात आणि विक्रीच्या पत्रकांतही ते दोन वेगळ्या रकान्यांत छापलेले असतात; पण व्यवहारात ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एकाचे उत्तर दुसऱ्याला बाजूला ठेवून देताच येत नाही, आणि पुढील प्रकरणांची सारी मांडणी याच गुंत्याभोवती केलेली आहे.

या विवेचनासाठी सिरसाळा हे गाव आणि त्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवण्यामागे कारण आहे. बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील, परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे बाजारपेठेचे गाव. त्याच्या भोवती लहान गावे, वस्त्या, तांडे आणि शेतातील आखाडे विखुरलेले. त्याच तालुक्यात परळीचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभापासून या केंद्रात वीज तयार होत आली, जुने संच पुढे बंद झाले, आणि आज २५० मेगावॅटचे तीन, म्हणजे एकूण ७५० मेगावॅटचे संच तिथे आहेत. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते सबंध केंद्रच बंद ठेवावे लागले होते. अशा केंद्राच्या धुराड्यांपासून हाकेच्या नव्हे, पण तासाभराच्याही आत असलेल्या गावांत ‘लाईट गेली’ हे वाक्य दिवसातून किती वेळा उच्चारले जाते हे तिथल्या रहिवाशांना सांगावे लागत नाही. दिव्याखाली अंधार ही म्हण इथे अलंकार म्हणून वापरावी लागत नाही. शहरातील सदनिकेत बिनतारी कॅमेऱ्याची परीक्षा होतच नाही, कारण तिथे वीज आणि इंटरनेट या दोन्ही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. ज्या मुलखात दोन्हींपैकी एकही गृहीत धरता येत नाही तिथेच हे यंत्र खरोखर काय आहे ते कळते.

प्रथम चित्राच्या वहनाकडे पाहणे सोयीचे ठरेल. चलच्चित्र म्हणजे एका सेकंदात टिपलेल्या पंधरा ते पंचवीस स्थिर चित्रांची मालिका होय, आणि ती जशीच्या तशी पाठवली तर कोणतेही साधे जाळे कोलमडेल. म्हणून कॅमेऱ्यातील प्रक्रियक लागोपाठच्या चित्रांत जे बदलले नाही ते वगळून केवळ बदल पाठवतो. या आवळण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. २००३ मध्ये प्रमाणित झालेली एच.२६४ आणि २०१३ मधील एच.२६५ या सध्या प्रचलित असलेल्या दोन रीती असून दुसरी साधारण निम्म्या जागेत तेवढेच चित्र बसवते. आवळल्यानंतर दर सेकंदाला जितकी माहिती वाहून न्यावी लागते तिला बिटरेट म्हणतात. ‘फुल एचडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्याचा बिटरेट सेकंदाला दोन मेगाबिट धरला, तर हिशेब असा होतो: दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणून १,७२,८०० मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट या नात्याने दिवसाला २१.६ जीबी. मोबाइलच्या ज्या रिचार्जमध्ये दिवसाला २ जीबी मिळतात, ते या वेगाने सव्वादोन तासांत संपतात. चोवीस तास चित्र ‘ऑनलाइन’ पाठवणारा सिमवाला कॅमेरा ही कल्पना अशा रिचार्जवर उभी राहूच शकत नाही, आणि ज्या घरांत तो ‘चालतो’ असे सांगितले जाते तिथे तो प्रत्यक्षात मेमरी कार्डावर साठवत असतो व कोणी मोबाइलवर उघडून पाहिले तेवढेच चित्र बाहेर पाठवतो. यात फसवणूक काही नाही; उलट तीच शहाणपणाची रीत आहे. १२८ जीबीच्या कार्डावर वरच्याच वेगाने जवळपास सहा दिवसांचे चित्रण मावते, आणि सातव्या दिवशी पहिला दिवस पुसला जातो, एवढे मात्र मालकाला ठाऊक असले पाहिजे.

दुसरा गैरसमज दिशेविषयी आहे. मोबाइलवर चित्रपट पाहणारा माणूस माहिती खाली उतरवत असतो. कॅमेरा ती वर चढवतो. मनोऱ्यापासून मोबाइलकडे येणारा प्रवाह रुंद आणि उलट दिशेचा अरुंद अशीच मोबाइल जाळ्यांची रचना असते, कारण बहुसंख्य ग्राहक घेणारे असतात, देणारे नसतात. म्हणून ‘इथे यूट्यूब छान चालते’ या अनुभवावरून ‘इथे कॅमेरा छान चालेल’ असा निष्कर्ष निघत नाही. त्यात संध्याकाळी आठ ते दहा या वेळेत सगळे गाव एकाच मनोऱ्यावर जमलेले असते. आणखी एक तांत्रिक अडचण अशी की सिमकार्डावर चालणाऱ्या कॅमेऱ्याला बाहेरून थेट गाठता येईल असा स्वतःचा स्थिर पत्ता सहसा मिळत नाही, हजारो ग्राहक एका पत्त्याआड उभे असतात. त्यामुळे कॅमेरा स्वतःच कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरला सतत साद घालत राहतो आणि मालकाचा मोबाइल त्याच सर्व्हरवर येऊन त्याला भेटतो. स्वतःच्या गोठ्यातली म्हैस पाहण्यासाठी घरातल्या माणसाला पडवीत बसून परमुलखातल्या यंत्रामार्फत जावे लागते, ही गंमत सोडली तरी या सततच्या सादेला वीज लागते हे विसरता कामा नये.

वायफायच्या बाबतीत अंतर आणि अडथळे हेच दोन शत्रू आहेत. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो, आणि बहुतेक स्वस्त कॅमेरे याच पट्ट्यावर बोलतात. या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर असते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी शक्ती एक चतुर्थांश होते; आणि मराठवाड्यातील गाव ही मोकळी जागा नव्हे. माळवदाच्या जुन्या घरांच्या दीड-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती लहरीला गिळतात, पत्र्याच्या खोल्या ती परतवून लावतात, आणि पत्र्याच्या आत ठेवलेला राउटर म्हणजे डब्यात ठेवलेला कंदीलच. यावर उपाय म्हणून मोठ्या ॲंटेनांचा राउटर आणला जातो, परंतु त्याने बहुधा भागत नाही, कारण हे संभाषण दोन्ही बाजूंनी चालते. राउटरचा दणदणीत आवाज कॅमेऱ्यापर्यंत पोहोचला तरी कॅमेऱ्याचा बारीक आवाज परत राउटरपर्यंत पोहोचला पाहिजे, आणि चित्र तर त्या बारीक आवाजातच येते. मोबाइलच्या पडद्यावर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या असताना चित्र अडकते त्याचे कारण अनेकदा एवढेच असते.

गावातील घरापासून शेतातील आखाड्यापर्यंत दिशादर्शी ॲंटेनांची जोडी लावून वायफाय नेण्याची रीत आता खेड्यांतही रुळू लागली आहे, आणि तिच्यात एक बारकावा आहे जो पिकाशी निगडित आहे. लहर दोन ॲंटेनांमधील सरळ रेषेतूनच जाते असे नाही. तिला त्या रेषेभोवती लांबट भोपळ्याच्या आकाराची मोकळी जागा लागते, जिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. पाचशे मीटर अंतरावर आणि २.४ गिगाहर्ट्झवर या भोपळ्याची मध्यभागातील त्रिज्या जवळपास चार मीटर भरते, आणि तिचा निदान साठ टक्के भाग, म्हणजे सुमारे अडीच मीटर, मोकळा असावा असा दंडक आहे. मध्ये हरभरा किंवा सोयाबीन असेल तर प्रश्नच उद्भवत नाही. मध्ये ऊस असेल तर त्याची दहा-अकरा फुटांची उंची आणि त्यावरची अडीच मीटर मोकळी जागा मिळून दोन्ही टोकांना अठरा ते वीस फुटांचे खांब उभारावे लागतात. त्यापेक्षा कमी उंचीवर बसवलेली जोडी लागवडीच्या दिवसांत उत्तम चालते, पावसाळ्यात अडखळू लागते, दिवाळीच्या सुमारास बंद पडते आणि ऊस तुटून गेला की आपोआप दुरुस्त होते; मधल्या काळात दोन वेळा राउटर बदलून झालेला असतो. पाण्याने भरलेले हिरवे पान रेडिओलहरीला पत्र्यासारखे परतवत नाही, ते तिला शोषते, म्हणून या बिघाडात चित्र एकदम जात नाही, दिवसागणिक मंदावत जाते, आणि दोष यंत्राचाच आहे असे वाटत राहते.

आता विजेकडे. साधा वायफाय कॅमेरा सुमारे पाच वॅट शक्ती घेतो, म्हणजे दिवसाला १२० वॅट-तास. हजार वॅट-तासांचे एक युनिट, तेव्हा महिन्याला साडेतीन युनिटांच्या आसपास. बिलाच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ आहे. प्रश्न किमतीचा नसून अखंडतेचा आहे. शेतीपंपांच्या वाहिनीवर थ्री फेज पुरवठा पाळीने, आठवड्यातील काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, साधारणतः आठ तास मिळतो. उरलेल्या वेळात काही ठिकाणी सिंगल फेज मिळते, काही ठिकाणी तीही नाही. आखाड्यावरचा कॅमेरा या वाहिनीवर बसवला तर त्याला रोज सोळा तास बॅटरीवर काढावे लागतात, आणि पाळी बदलते त्या दिवशी हा खंड आणखी लांबू शकतो. सिमवाला कॅमेरा सहा वॅटचा धरला, तर सोळा तासांना ९६ वॅट-तास लागतात. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्यापेक्षा खाली उतरवू नये हा नियम पाळायचा तर १९२ वॅट-तासांची, म्हणजे १२ व्होल्टची १६ अँपिअर-तासांची बॅटरी किमान हवी. दुकानात मात्र अशा कॅमेऱ्याबरोबर बहुधा सात अँपिअर-तासांची बॅटरी दिली जाते, जी याच नियमाने सात तासांत आटोपते. रात्री दहाला वीज गेली तर ती पहाटे पाचला संपते. नियम मोडून ती तळापर्यंत उतरवत राहिले तर वर्षाच्या आत तिची धारणाशक्तीच निघून जाते.

इथेच पहिला गुंता उघड होतो. वीज गेली की कॅमेराच तेवढा झोपतो असे नाही. राउटर झोपतो, फायबरची पेटी झोपते, आणि खंड लांबला तर मोबाइल मनोऱ्याची बॅटरीही उतरू लागते. कॅमेऱ्याला एकट्याला बॅटरी दिली तर तो जागा राहतो पण मुका होतो. चोरीच्या दृष्टीने तर हा गुंता अधिकच बोचरा आहे, कारण विहिरीवरची मोटर आणि तांब्याची केबल चोरणारा माणूस काम सुरू करण्यापूर्वी डीपीवरचा, म्हणजे रोहित्राजवळच्या पेटीतला, फ्यूज काढतो, स्वतःच्या जिवासाठीच त्याला तो काढावा लागतो. त्यामुळे त्याच वाहिनीवर बसवलेला कॅमेरा नेमक्या हव्या त्या क्षणी आंधळा होण्याची व्यवस्था मालकाने स्वतःच करून ठेवलेली असते. ज्या गोष्टीवर नजर ठेवायची तिच्याच तारेवर नजर ठेवणारा बसवू नये, हा या क्षेत्रातील अगदी प्राथमिक धडा आहे आणि तो सर्वांत अधिक वेळा मोडला जातो.

विजेची गुणवत्ता हा याच्या पोटातला विषय. कॅमेऱ्याचे अडॅप्टर साधारणतः १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालते, त्यामुळे पंप सुरू झाल्यावर व्होल्टेज पडले तरी कॅमेऱ्याला ते जाणवत नाही; पण डीपीवर न्यूट्रल तुटला तर एका फेजवर चारशेच्या घरात व्होल्टेज येऊ शकते आणि गल्लीतील सारी अडॅप्टरे एका दमात जळतात. याहून फसवा दोष पाच व्होल्टच्या बारीक तारेचा आहे. घरातल्या बोर्डापासून कोपऱ्यावरच्या कॅमेऱ्यापर्यंत यूएसबीची दहा मीटर स्वस्त केबल ओढली, तर जाण्या-येण्याची मिळून वीस मीटर तांब्याची तार होते, तिचा रोध दीड ते पावणेदोन ओहम भरतो, आणि एक अँपिअर प्रवाहाला पाच व्होल्टपैकी दीडहून अधिक व्होल्ट वाटेतच खर्च होतात. दिवसा प्रवाह कमी असतो, कॅमेरा चालतो. अंधार पडला की रात्री दिसण्यासाठी लावलेले अवरक्त दिवे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा पण कॅमेऱ्याला दिसणारा प्रकाश टाकणारे दिवे, पेटतात, प्रवाह वाढतो, व्होल्टेज कोसळते, कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होतो, दिवे पुन्हा पेटतात, आणि हे चक्र सकाळपर्यंत चालते. अशा कॅमेऱ्याला भूतबाधेपासून चिनी मालापर्यंत सगळी निदाने लावून झाल्यावर जाड तारेचा साधा उपाय सुचतो. बारा व्होल्टवर हीच शक्ती निम्म्याहून कमी प्रवाहात जाते, म्हणून लांबचा कॅमेरा नेहमी बारा व्होल्टचा घ्यावा.

वीजजोड अजिबात न घेणारे बॅटरी-कॅमेरे ही या यंत्राची दुसरी शाखा होय, आणि तिचे तत्त्व वेगळे आहे: ती जागी राहत नाही, जागी होते. माणूस किंवा जनावर समोरून गेले की त्याच्या अंगातील उष्णतेची हालचाल ओळखणारा एक संवेदक, ज्याला पीआयआर म्हणतात, कॅमेऱ्याला उठवतो. कॅमेरा वीस-तीस सेकंद चित्रण करून पुन्हा निजतो. या काटकसरीची ताकद किती आहे ते वन्यजीव गणनेत दिसले. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ जागी असे झोपाळू कॅमेरे लावून ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे मिळवली गेली. पण जंगलातील कॅमेऱ्याला चित्र पाठवायचे नसते, कोणीतरी चालत जाऊन कार्ड काढून आणतो. गावातील कॅमेऱ्याला जागे होताच जाळे शोधायचे, सर्व्हरला गाठायचे आणि चित्र चढवायचे असते. चार लिथियम घटांची, साधारण ३८ वॅट-तासांची बॅटरी, निजलेल्या अवस्थेत काही सहस्रांश वॅट आणि जागेपणी दोन वॅट असा खर्च धरला, तर दिवसाला तीस वेळा उठणारा कॅमेरा दोन महिने सहज काढतो. तोच कॅमेरा दिवसाला पाचशे वेळा उठला तर आठवड्यात गार पडतो. परळी-सिरसाळा रस्त्याकडे तोंड करून बसवलेला, राखेच्या गाड्या, ट्रॅक्टर, दुचाकी आणि मोकाट कुत्री यांच्या प्रत्येक फेरीला डोळे उघडणारा कॅमेरा या दुसऱ्या प्रकारात मोडतो. खोक्यावर छापलेले महिने हे निर्मात्याच्या अंगणातले असतात.

आणि इथे दुसरा, अधिक खोल गुंता आहे. सिग्नल चांगला असेल तर वीस सेकंदांचे चित्रण काही सेकंदांत चढते आणि कॅमेरा निजतो. सिग्नल दुबळा असेल तर तीच माहिती हळू वेगाने, पुन्हा पुन्हा, पूर्ण ताकदीने ओरडून पाठवावी लागते. रेडिओ कित्येक पट अधिक काळ पेटलेला राहतो. म्हणजे रेंज कमी असणे याचा अर्थ बॅटरी लवकर संपणे असा होतो, आणि बॅटरीची तक्रार घेऊन येणाऱ्याला अनेकदा ॲंटेनाची जागा बदलून द्यावी लागते. जोडणी आणि वीज यांना दोन रकान्यांत मांडणारे पत्रक याच ठिकाणी खोटे पडते.

सौरपट्टीचा हिशेबही हवामानाकडून तपासून घ्यावा लागतो. मराठवाड्यात वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे पाच तासांच्या ‘पूर्ण उन्हाइतकी’ ऊर्जा मिळते. पाच वॅटच्या सतत जागणाऱ्या कॅमेऱ्याचे १२० वॅट-तास भागवायला, तीस टक्के घट धरून, चाळीस वॅटच्या आसपासची पट्टी पुरते. पण सरासरीवर कॅमेरा चालत नाही. श्रावणातल्या झाकोळलेल्या आठवड्यासाठी पट्टी दुप्पट आणि बॅटरी तीन दिवसांची हवी. औष्णिक केंद्राची राख वाहणाऱ्या रस्त्यांच्या आणि वीटभट्ट्यांच्या शेजारी पट्टीवर करडा थर बसतो, आणि तो पुसायला कोणी नसेल तर चाळीस वॅटची पट्टी कागदावरच चाळीस वॅटची राहते. उन्हाळा सौर कॅमेऱ्याला अनुकूल असे वाटते, ते अर्धेच खरे आहे. लिथियम घट ४५ अंशांच्या वर भारित करू नयेत असा त्यांचा सर्वसाधारण दंडक आहे, आणि मे महिन्यात सावलीतच पारा चाळिशी ओलांडत असताना उन्हातल्या काळ्या प्लॅस्टिकच्या पेटीत काय होत असेल याची कल्पना करता येते. त्याच दुपारी पीआयआर संवेदकही गोंधळतो, कारण त्याला दिसतो तो माणसाच्या आणि परिसराच्या तापमानातील फरक, आणि भिंत माणसाइतकीच तापली की माणूस भिंतीत विरघळतो. काळोख्या थंड रात्री मांजर टिपणारा कॅमेरा वैशाखाच्या दुपारी माणूस सोडून देतो.

या यंत्राचा सार्वजनिक वापरही वाढतो आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरातील निम्म्या तरी मतदान केंद्रांवरून थेट चित्र पाठवण्याचे धोरण होते. परंतु ती एका दिवसाची, माणसे तैनात करून उभारलेली व्यवस्था असते. घरच्या कॅमेऱ्याला वर्षभर कोणी तैनात नसते, आणि बीड जिल्ह्यात तर कॅमेऱ्याची खरी गरज घरात कोणी नसते तेव्हाच उद्भवते. दिवाळी झाली की ऊसतोड मजुरांच्या जोड्या मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत, आणि गावाकडच्या घरात म्हातारी माणसे, शाळेतली मुले किंवा नुसते कुलूप उरते. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत बसून मोबाइलवर आपले घर पाहता येणे ही चार-पाच महिन्यांच्या परागंदा आयुष्यात लहान गोष्ट नाही, आणि तिला चोरीच्या बंदोबस्तापुरते मर्यादित करणे हा अरसिकपणा ठरेल. मात्र ती टिकायची तर दोन्ही टोकांचे रिचार्ज जिवंत हवेत, वीजबिल थकून जोड तुटता कामा नये, आणि कोपीतल्या मोबाइललाही चार्जिंग मिळायला हवे. दुर्बलतम कडी कॅमेऱ्यात क्वचितच असते.

कॅमेऱ्याने टिपलेले पुढे पुरावा म्हणून टिकेल का, हा प्रश्न वकिलांचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याचीही मुळे वीज व जोडणीत आहेत. या विषयावरचा महत्त्वाचा निकाल मराठवाड्यातूनच गेलेला आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर स्वीकारला गेला की नाही, या वादात निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण पुढे आले, आणि अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असा निर्णय दिला की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात दाखल करताना पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ही तरतूद कलम ६३ मध्ये आली असून प्रमाणपत्रात संचिकेचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्यातील एकही बिट बदलला तर बदलणारी आकड्यांची खूण, नोंदवावी लागते. जालन्याचा तो वाद मिनिटांचा होता. आणि ज्या स्वस्त कॅमेऱ्यांत घड्याळाला स्वतःची बॅटरी नसते ते वीज गेल्यावर वेळ विसरतात, जाळे परत मिळेपर्यंत चित्रावर १ जानेवारी १९७० अशी तारीख छापत राहतात. वीज आली, नेट आले नाही, आणि त्याच तासाभरात काही घडले, तर चित्र स्पष्ट असूनही त्यावर पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीची तारीख असते. लिहिता लिहिता वीज गेल्याने कार्डावरची संचिका अर्धवट राहून न उघडणे, हा त्याचाच सख्खा भाऊ.

सुरक्षेविषयी थोडक्यात एवढेच की बाहेरच्या सर्व्हरला साद घालणारा कॅमेरा हा घरात ठेवलेला लहान संगणक असतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन मोठी संकेतस्थळे बंद पाडली होती. केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या आवश्यक अटी अधिसूचित केल्या आणि त्या एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या, त्यामुळे नव्या खरेदीत चाचणी झालेला माल मागता येतो. शेजाऱ्याच्या अंगणात किंवा सार्वजनिक नळाच्या पाणवठ्यावर रोखलेला कॅमेरा हा तांत्रिक प्रश्न नसून गावकीचा प्रश्न आहे, आणि त्याची चर्चा स्वतंत्र प्रकरणात येईल.

पुढील प्रकरणांचा क्रम नेहमीच्या पुस्तिकांपेक्षा उलटा आहे, हे वाचकाच्या लक्षात येईल. दुकानात आधी कॅमेरा निवडला जातो, मग नेटचे पाहिले जाते आणि शेवटी ‘लाईटचे काय’ असे विचारले जाते. इथे आधी विजेचे वेळापत्रक, मग जाळ्याची चढती क्षमता, मग जागा आणि खांब, आणि सर्वांत शेवटी कॅमेरा असा क्रम ठेवला आहे. चित्राच्या सुबकतेची चर्चा त्यामुळे बरीच मागे गेली आहे आणि काहींना ती अपुरी वाटेल. वीजजोडणीच्या प्रकरणात एक सूचना इतर सूचनांहून ठळक छापलेली आहे, ती अशी की कॅमेरा आणि राउटर यांचे अडॅप्टर बटण नसलेल्या, स्वतंत्र, उंचावरच्या पॉइंटला जोडावे. परगावी गेलेल्या कुटुंबांच्या घरातील कॅमेरे बंद पडण्यामागे डीपी, रेंज आणि बॅटरी यांच्याइतकेच एक कारण आढळते: घरी राहिलेली आजी निजण्यापूर्वी दिवे मालवते, आणि आयुष्यभराच्या सवयीने बोर्डावरची उरलेली बटणेही एकेक करून खाली करते.